जेवणारे आठवणी सांगतात, रांधणारीच्या लेकीनं काय सांगावं?

*मावशी, विश्रामबागेत कॉलेजच्या रस्त्यावर आमची खाणावळ होती. सकाळी मिसळ, कटवडा. दुपारी-रात्री राईस प्लेट आणि महिन्याची मेस. करोनात बंद पडली ती पडलीच. नंतर बाबा गेले. आई बहात्तरची आहे, गुडघे गेलेत. आमच्याकडे जेवलेल्या नव्वदच्या दशकातल्या मुलांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय. रोज तेच: काकूंची आमटी, काका कधी उधारी मागायचे नाहीत, काकू म्हणजे अन्नपूर्णा. आता दीडशे जणांचं स्नेहसंमेलन ठरलंय. आईचा सत्कार, थैली, आणि 'काकूंनी एकदा आमटी करावी' असा हट्ट. मला पाच मिनिटं आठवणी सांगायच्या आहेत. आई 'करते की' म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. मला आठवतात ते पोतंभर कांदे, दोनदा गहाण पडलेल्या आईच्या पाटल्या, आणि माझ्याच वर्गातल्या मुलांना मान खाली घालून वाढणं. त्यांचं प्रेम वाचून राग येतो, मग रागाची लाज वाटते. जाऊ का? भाऊ म्हणतो, गप जाऊन ये, आणि गाळ्याचं मी बघतो, तुझा काय संबंध. – एक सांगलीकर*

अगं, तू पन्नाशीला टेकलेली, मी बरीच पुढं गेलेली. तेव्हा अगं-तुगं करते, चालवून घे.

रागाची लाज वाटायचं काही कारण नाही. ताटाच्या एका बाजूला ती पोरं होती, दुसऱ्या बाजूला तू. तिथनं दिसतं ते इथनं दिसत नाही. ती पोरं खोटंही बोलत नाहीयेत, हे मात्र लक्षात घे. वेलिंग्डन कॉलेज १९१९चं, वालचंद कॉलेज १९४७चं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं पोरं सांगलीला येतायत त्याला पिढ्या झाल्या. कुणाचा डबा गावाकडनं एसटीनं यायचा. गाडी चुकली किंवा डबा भलत्याच स्टँडवर उतरला की पोरगं उपाशी. अठराव्या वर्षी, पहिल्यांदा घराबाहेर, अशा वेळी कुणी 'जेवलास का रे' म्हणून विचारलं की पातळ आमटीसुद्धा जन्मभर लक्षात राहते. (खाणावळीच्या आमटीचं कौतुक मला स्वतःला कधी कळलं नाही. पण मी त्या वयात घरीच जेवत होते.)

पण 'काका उधारी मागायचे नाहीत' या वाक्यापाशी मीही थबकले. घरनं पैसे यायचे ते उसाच्या बिलाचे नाहीतर द्राक्षाचे. बागेचे पैसे फेब्रुवारी-मार्चात हातात पडायचे, तोवर अख्खा हिवाळा वहीवर. तुझे बाबा मागत नसतील, मन मोठं असेल त्यांचं. पण वाणी, दूधवाला आणि गॅसवाला काही बागेची वाट बघत थांबत नाहीत. ते अंतर तुझ्या आईच्या पाटल्यांनी भरून काढलं. त्या पोरांना हे माहीत नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. मग पाच मिनिटांत तू हेच सांग. चिडून नको, हिशेब वाचून दाखवतात तसं सांग. मटकी कधी भिजत पडायची, पहिला स्टोव्ह किती वाजता पेटायचा, रोज किती कांदा चिरला जायचा आणि तू पुस्तक कुठं उघडून बसायचीस. पोरं गावी गेली की महिन्याच्या पैशातनं खाडे वजा करून घ्यायची. तुझ्या आईचे वर्षाला किती खाडे व्हायचे, तेही सांग. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेस बंद म्हणजे बाईला विश्रांती, असं त्यांना वाटत असेल. खाणावळीत त्याच दिवसांत वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवा, देठं खुडा, खोबरं भाजा, कांडपाला न्या, नाकातोंडाला फडकं बांधून. हे ऐकून कुणाचा घास कडू होणार नाही. त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात आता मुली आहेत, त्यांना चटकन कळेल.

अन्नपूर्णा म्हणण्याबद्दल माझं मत तुझ्यासारखंच आहे. बाईला देवी केलं की तिला पगार किती होता हे विचारावं लागत नाही. म्हणून थैलीला नाही म्हणू नकोस. मानाच्या नावाखाली का होईना, थकलेली मजुरी म्हणूनच ती घ्यायची. फक्त ती आईच्या एकटीच्या खात्यात जमा होऊ दे. भावाच्या नाही, तुझ्याही नाही.

आता जरा बोचेल असं विचारते. एवढ्या खाणावळीतल्या भाकऱ्या तुझ्या आईनं एकटीनं थापल्या नसतील. भाकरीला बायका असतील, भांड्यांना कुणी असेल, एखादा पोऱ्या असेल टेबलं पुसायला. तुझ्या एवढ्या लांब पत्रात त्यांच्यातलं एकही माणूस नाही. त्या पोरांच्या आठवणीत तू नाहीस म्हणून तुला लागलं. तुझ्या आठवणीत या बायका कुठं आहेत? आईला विचार, तिला नावं, वाड्या, पोरंबाळं सगळं पाठ असेल. ज्या हयात आहेत त्यांना रिक्षा पाठवून आणा. स्टेजवर आईशेजारी त्यांच्या खुर्च्या मांडा आणि थैलीतला वाटा त्यांना द्यायचा का, हे आईनं ठरवावं. माझा अंदाज, ती देईल.

राहिलं आमटीचं. 'करते की' हे तिनं सवयीनं म्हटलं की मनापासून, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही. भाऊ घरात नसताना, जेवणं झाल्यावर निवांत विचार. 'तू जाणार का' असं विचारू नको. 'तिथं तुला काय करायला आवडेल' असं विचार. तुला त्या जागेचा वैताग होता, पण तिला तिथं गल्ल्याची किल्ली होती, चार माणसं तिच्या शब्दावर हलत होती, आणि ती जागा बंद झाल्यापासून तिला कुणी काही विचारत नसेल, हेही असू शकतं. बसायचं म्हणाली तर बसेल. फोडणी घालायची म्हणाली तर आचाऱ्याला सांगून फोडणीची पळी तिच्या हातात द्या, चटणी किती घालायची ते तिनं सांगावं. दीडशे माणसांचं पातेलं ढवळणं मात्र तिच्याकडं अजिबात नको. तुझ्याकडंही नको. त्या दिवशी तू एकही ताट वाढायचं नाहीस, कुणी कितीही प्रेमानं 'अगं जरा बघ ना' म्हटलं तरी.

गाळ्याचं थोडक्यात. मालकीचा असून बाबांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, भाऊ आणि तू सारखे वाटेकरी. बाबांची आई हयात असेल तर तीही. भाड्याचा असेल तर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा बघायचा: भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्याबरोबर तिथं धंदा करत असलेला घरचा माणूस आधी धरतात. आयुष्यभर चुलीपुढं उभी होती ती कोण? पण बाबा गेले तेव्हा तुमची खाणावळ बंद होती, म्हणून हे वकिलालाच विचार. भावाशी भांडू नको, पण हक्कसोडपत्रावर घाईनं सही करू नको आणि आईलाही करू देऊ नको. आधी वकिलाला कागद दाखव.

जायचं की नाही, तर जा. पण आधी ग्रुपवर चार ओळी टाक: आई पाहुणी म्हणून येईल, स्वयंपाक केटररचा असेल, आमच्याकडं काम केलेल्या बायकांनाही बोलावणं हवं आणि कार्यालय तळमजल्याचं बघा, तिला जिना चढवत नाही. दिवाळीच्या आसपासची तारीख ठरवत असतील तर ती बदलायला लाव. दिवाळीत तिनं घरी बसून निवांत फराळ खावा.