क्रूझवर स्वतःची वाइन नेता येते का, आणि नेण्यात काही अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, आई-वडिलांना घेऊन न्यू यॉर्कहून बर्म्युडाला क्रूझने जाताना घरून वाइन जहाजावर नेता येईल का, आणि तिथे सर्व काही मिळत असताना तो खटाटोप करावा का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका परिच्छेदात संपते. दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात २०१९ पासून वाद चालू आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

वाइन नेता येते. किती आणि कशी, हे कंपनीवर अवलंबून असते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या पहिल्या दिवशी जहाजावर चढताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद बाटली नेऊ देतात. प्रिन्सेसवरही माणशी एक बाटली विनाशुल्क नेता येते, त्यापुढच्या प्रत्येक बाटलीला शुल्क पडते. नॉर्वेजियनवर संख्येचे बंधन नाही, परंतु प्रत्येक साध्या बाटलीमागे १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीमागे ३० डॉलर द्यावे लागतात. एमएससीवर बाहेरचे मद्य अजिबात चालत नाही. ही सवलत वाइन आणि शॅम्पेनपुरतीच आहे, आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर ती वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच मिळते. स्वतःच्या केबिनमध्ये बाटली उघडली तर सहसा काही पडत नाही. भोजनगृहात उघडली तर कॉर्केज नावाचे शुल्क लागते, मग बाटलीला कॉर्क असो वा नसो.

आता दुसरा प्रश्न.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहेत. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक भागात एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा नानांनी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची दोन एकर बाग काढून तिथे शिराझ ही वाइनची जात लावली. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी आणि पातळ साल यांना किंमत असते, म्हणून घड जिब्रेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाइनच्या द्राक्षाचे सगळे उलट असते. मणी लहान, साल जाड, पोटात बिया. बाजारात नेऊन विकायची म्हटली तर ही द्राक्षे कोणी हातात धरणार नाही, म्हणजे वायनरीने माल उचलला नाही तर शेतकऱ्याला दुसरा दरवाजाच नसतो. २००८ नंतरच्या मंदीत नेमके तेच घडले. वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, करार पाळले गेले नाहीत, आणि आमच्या आजूबाजूच्या कितीतरी जणांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. नानांनी शिराझ ठेवली. त्या दोन वर्षांत घरात काय चालले होते, ते मी येथे लिहिणार नाही.

नाना माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी चुकत नाही, आणि ज्या द्राक्षांची वाइन होते ती आयुष्यभर पिकवूनही त्यांनी तिचा एक थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. गावात कोणी टोचून बोलले तर ते एवढेच म्हणतात, ‘मी द्राक्ष पिकवतो.’ वायनरी दरवर्षी हंगाम संपल्यावर शेतकऱ्यांना दोन बाटल्या भेट देते. त्या आमच्या घरी देवघराच्या विरुद्ध भिंतीवरच्या कपाटात राहतात आणि पाहुणे आले की दिल्या जातात.

२०१९ मध्ये फेब्रुवारीतला तोडा झाला, एप्रिलमधली खरड छाटणी उरकली, आणि मे महिन्याच्या अखेरीस आई आणि नाना पहिल्यांदाच न्यू जर्सीला माझ्याकडे आले. त्यांच्या लग्नाला ४० वर्षे झाली म्हणून आम्ही बर्म्युडाच्या पाच रात्रींच्या सफरीचा बेत आखला होता. माझे थोरले दीर आणि जाऊबाईही बरोबर होत्या. नानांनी २०१७ सालच्या शिराझच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, दोन्ही धोतरात गुंडाळून. अमेरिकेत २१ वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला एक लिटरपर्यंत मद्यावर जकात माफ असते, म्हणून एक बाटली नानांची आणि एक आईची असा हिशेब मी फोनवर आधीच सांगून ठेवला होता. मुंबई विमानतळावर जाईपर्यंत माझ्या भावाने त्यांना दहा वेळा बजावले होते, ‘नाना, बाटली मोठ्या बॅगेतच ठेवायची. हातातल्या बॅगेत सापडली तर काढून घेतात.’

जहाजाचा नियम याच्या अगदी उलट असतो, आणि ते नानांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले. धक्क्यावर हमालांकडे दिलेले मोठे सामान थेट क्ष-किरण तपासणीला जाते आणि त्यात बाटली दिसली की बॅगच अडवून ठेवतात. नियमानुसार वाइन स्वतःच्या हातातल्या पिशवीतून न्यायची असते. नानांनी विमानाचा नियम मनापासून पाळला आणि बाटली मोठ्या बॅगेत नीट बंद करून हमालाच्या हाती दिली. आईची बाटली तेवढी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत राहिली होती, कारण मोठ्या बॅगेत लाडूंच्या डब्यामुळे जागा उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे सामान केबिनच्या दाराशी आले. नानांची बॅग आली नाही. मग खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत बोलावणे आले. तिथे रांग होती. कोणाकडे कपड्यांची इस्त्री सापडली होती, कोणाकडे तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेली हिरवी रंगवलेली व्होडका. सत्तरीला आलेले नाना, पांढरी टोपी हातात धरून, त्या रांगेत उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हते, पण रांग कशाची आहे ते कळले होते. अधिकारी सभ्य होता. त्याने पावती दिली आणि बाटली शेवटच्या रात्री परत मिळेल असे सांगितले. नाना मला एवढेच म्हणाले, ‘आपण चोरून आणली नव्हती गं.’

आपण विचारलेले नसूनही मी स्पष्ट लिहिते. जे लोक औषधाच्या बाटल्यांत, शाम्पूच्या पिशव्यांत दारू भरून जहाजावर नेतात आणि परत आल्यावर तो पराक्रम म्हणून सांगतात, ते चोरी करतात. त्यांच्यामुळे सरळ माणसाची बॅगही संशयाने उघडली जाते. हा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो मनातून काढून टाका.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दीर म्हणाले, ‘काका, इथे माणूस आराम करायला येतो. पंधरा डॉलर टाकले की हवी ती वाइन समोर येते. बाटल्या कशाला वाहायच्या?’ एवढ्यावर थांबले असते तर मी हे उत्तर लिहिले नसते. पण दुसऱ्या बाटलीचे काय करायचे असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ती केबिनमध्येच उघडा. आपली वाइन चारचौघांत कशाला?’ माणूस वाईट नाही. माझ्या अडचणीच्या वेळी ते सर्वांत आधी उभे राहिले आहेत. पण त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत होत्या, की घरून वाइन आणणे म्हणजे पैसे वाचवणे, आणि नाशिकची वाइन पांढऱ्या टेबलक्लॉथवर शोभत नाही. दोन्ही चूक आहेत.

दुसऱ्या संध्याकाळी, चहूबाजूंना पाण्याशिवाय काही दिसत नसताना, मी आईची बाटली भोजनगृहात घेऊन गेले. आमचा वाढपी गोव्यातला, पेडण्याचा होता. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात आणि त्याच्या घरात तो तिसऱ्या पिढीतला तारवटी होता. त्याने बाटली हातात घेतली, लेबल वाचले आणि मराठीत विचारले, ‘दिंडोरीची?’ मी नानांकडे बोट दाखवले आणि सांगितले की ही द्राक्षे यांच्या बागेच्या परिसरातली आहेत, कदाचित यांच्याच बागेतलीही असतील. त्या मुलाने बाटली पुन्हा टेबलावर ठेवली नाही. खांद्यावरचा रुमाल काढून त्याने ती पुसली, डाव्या हातावर आडवी धरली आणि लेबल नानांच्या बाजूला करून त्यांच्यासमोर वाकला. मग झाकण फिरवून उघडले आणि रिवाजाप्रमाणे पहिला घोटभर नानांच्या ग्लासात ओतला.

मी सांगणार होते की ते घेत नाहीत. पण नानांनी ग्लासवर हात आडवा धरला नाही. त्यांनी ग्लास देठाशी धरून उचलला, दिव्यासमोर नेला आणि बराच वेळ रंग पाहिला. घड तोडण्याआधी मणी उन्हात धरून पाहतात, तसा. नंतर नाकाशी नेला आणि डोळे मिटले. ‘तोडा चार दिवस लांबवला होता त्या साली,’ ते म्हणाले. ‘वायनरीचा माणूस रोज ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायला यायचा, आणि मी म्हणत होतो थांब. गोडी पुरती उतरली होती.’ ग्लास त्यांनी न पिता माझ्यासमोर ठेवला. त्या मुलाने १५ डॉलरच्या कॉर्केजची चिठ्ठी आणली, तेव्हा दिरांनी हात पुढे केला, पण नानांनी ती स्वतःकडे ओढली आणि मराठीत सही केली.

म्हणून पैसे वाचवण्याचा मुद्दा मला मुळातच मान्य नाही. जहाजावर वाइनचा एक ग्लास साधारण १२ ते १५ डॉलरला पडतो, त्यावर सेवाशुल्क वेगळे. भेट मिळालेल्या बाटलीला १५ डॉलर भरल्यावर पाच ग्लास मिळाले, हा हिशेब कोणीही करू शकतो, पण तेवढ्यासाठी सव्वा किलोचे काचेचे ओझे सात समुद्र ओलांडून कोणी आणत नाही. निव्वळ बचतच करायची असेल आणि एखादाच ग्लास घ्यायचा असेल, तर दुकानातली दहा डॉलरची बाटली नेऊ नका. तिच्यावर कॉर्केज भरण्यापेक्षा जहाजावरचा ग्लास घ्या. पेयांचे पॅकेजही सरसकट घेऊ नका. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावे लागते, आणि ज्या घरातले वडील माळकरी आहेत तिथे ते पैसे पाण्यात जातात. न्यायची तर अशी बाटली न्या, जिच्याविषयी टेबलावर बसलेल्या एकाला तरी काही सांगता येईल.

दुसरा मुद्दा चवीचा. दिरांनी त्या रात्री दोन ग्लास घेतले. चांगली आहे असे ते म्हणाले नाहीत, आजवर म्हणालेले नाहीत, आणि दर दिवाळीला विषय निघाला की ‘प्रसंगच तसा होता’ असे म्हणून बाजूला सारतात. प्रसंगामुळे वाइन गोड लागत असेल तर फ्रान्सच्या वाइनचाही निम्मा मोठेपणा प्रसंगातूनच आलेला आहे, असे माझे मत आहे. नाशिकची प्रत्येक बाटली उत्तम असते असा माझा दावा नाही. तिथेही सामान्य माल पुष्कळ निघतो आणि उन्हात ठेवलेल्या दुकानातून घेतलेली बाटली तर घेऊच नये. पण जी चांगली आहे ती केबिनमध्ये लपवून पिण्याचे कारण नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वर दिलेले नियम आणि दर कंपन्या अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या आरक्षणाच्या अटी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. वाटेत बंदरावर विकत घेतलेली बाटली बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात आणि शेवटी परत देतात. पहिल्या दिवसाची सवलत तिला लागू नसते. लाल वाइन असेल तर केबिनमधल्या फ्रिजमध्ये तासभर आधी ठेवली की पुरे. आपले आई-वडील मद्य घेत नसतील तरी त्यांच्या वाट्याची बाटली त्यांच्याच हातात द्या, कारण सवलत माणशी असते.

नानांची अडवलेली बाटली शेवटच्या रात्री केबिनमध्ये पोहोचली. ती आम्ही न्यू जर्सीला घरी आणली आणि माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला उघडली. आई-नाना या उन्हाळ्यात पुन्हा यायचे म्हणत आहेत आणि गेल्या रविवारी फोनवर नानांनी विचारले, ‘या खेपेला बाटली हातातल्या पिशवीतच ठेवायची ना?’ मी त्यांना सांगितले, की विमानात मोठ्या बॅगेत आणि धक्क्यावर उतरलो की हातात. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले आणि भावाला कागदावर लिहून ठेवायला सांगितले.