एकच गाणं ऐकून एकाला रडू येतं आणि शेजारचा ढिम्म बसतो, असं का होतं?

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमधल्या भजनी ग्रुपात मी चौदा वर्षं टाळ वाजवले, त्यामुळे उत्तर डब्यातूनच देतो.

आमचा क्रम ठरलेला. स्तवन, अभंग, गौळण, गजर, आणि भायखळा गेलं, म्हणजे सीएसएमटी जवळ आलं, की भैरवी. या रागात रे, ग, ध, नि हे चारही सूर कोमल, म्हणजे जरा उतरवलेले, आणि शेवट तिनेच करायचा ही मैफलीतलीही जुनी रीत. त्यामुळे ऐकणारा हळवा होणार, असं आपण धरून चालतो. दाराशी उभे राहणारे एक काका खरंच डोळे पुसायचे. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण आमचा ढोलकीवाला म्हणायचा, "भैरवी लागली की माझ्या पोटात गोळा येतो. आता साहेबाचं तोंड बघायचं!" सूर तेच, पेटी तीच (तीही जरा बेसूरच, असो).

२००१ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी लोकांना अंगावर शहारे आणणारं आपापलं संगीत निवडायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांचे मेंदू तपासले. चांगलंचुंगलं खाताना मेंदूचे जे भाग खूश होतात, तेच इथेही जागे झाले. गंमत पुढेच आहे. एकाने निवडलेलं संगीत तुलनेसाठी दुसऱ्याला ऐकवलं, तर त्याला शहारा काही आला नाही.

अर्थात सगळंच ज्याच्या त्याच्या आठवणींवर नसतं. गजराला बुवा एकटे गात असायचे आणि मग अख्खा डबा एकदम उचलायचा. तेव्हा मोबाइलात डोकं घातलेल्यांच्याही हातावर काटा यायचा. आवाज अचानक चढला की अंगाला आधी कळतं, मनाला मागाहून. काहींना मात्र कुठलंच संगीत भिडत नाही. कान ठणठणीत, बाकी आवडीनिवडीही शाबूत. तेव्हा ढिम्म बसणाऱ्याला लगेच अरसिक म्हणू नका.

माझं म्हणाल, तर निवृत्त झाल्यावर दादरला एका मैफलीला गेलो होतो. शेवटी बाईंनी भैरवी सुरू केली. शेजारच्या आजी पदराने डोळे टिपत होत्या, आणि माझा हात आपसूक वर गेला, रॅकवरची बॅग काढायला.