कॉपी केलेला खातेनंबर

प्रश्न : आर्णी तालुक्यातल्या एका गावात माझं सेतू केंद्र आहे. पीक विम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांचे आधार आणि पासबुकाचे नंबर एक्सेलमधून कॉपी करून पोर्टलवर टाकतो. परवा मदतीला बसणाऱ्या पोरानं विंडोजचं बटण आणि व्ही सोबत दाबलं, तर सकाळपासूनचे खातेनंबर एकाखाली एक दिसले. हे कसं थांबवू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. 2019 च्या खरिपात माझ्याच हातून एका काकांच्या अर्जात आधीच्या माणसाचा खातेनंबर गेला. कॉपीचं बटण नीट दबलंच नव्हतं, पेस्ट केला तर जुनाच नंबर उतरला. काकूंनी पावती पासबुकाशी ताडून पाहिली म्हणून निभावलं.

कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं तो क्लिपबोर्ड. एक्सेलनं त्यावर ठेवलेलं ब्राउझर उचलतो, तसाच त्याच लॉगिनमध्ये चालू असलेला दुसरा कोणताही प्रोग्राम उचलू शकतो. विंडोज त्यासाठी तुम्हाला विचारत नाही. तुमच्या पोराला दिसली ती क्लिपबोर्ड हिस्ट्री. ऑक्टोबर 2018 च्या अपडेटपासून ही सोय आली. तिच्यात 25 नोंदी राहतात, आणि पिन केलेली, म्हणजे टिकवून ठेवलेली नोंद लाइन जाऊन कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तरी जात नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग क्लिपबोर्ड, तिथे ती बंद करा. आधी पिन काढा, मग साठलेलं क्लिअर करा. पोराला वेगळं युजर खातं द्या, त्याचा क्लिपबोर्ड वेगळा राहील.

मला जास्त काळजी वाटते ती अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर टाकायला लांबून कॉम्प्युटरला जोडणाऱ्याची. लांबून जोडायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडचा क्लिपबोर्ड एकच होतो. इथे कॉपी केलं की तिकडे पेस्ट होतं. जोडण्याआधी एक्सेल बंद करा, क्लिपबोर्ड आणि फाइल पाठवायची परवानगी काढून घ्या, आणि काम होईपर्यंत स्क्रीनसमोरून उठू नका. गर्दी असली तरी नाही.

हिस्ट्री बंद केली तरी शेवटची कॉपी मागे राहतेच. म्हणून एक शेतकरी उठला की मी 'पुढचे' हा शब्द कॉपी करून ठेवतो. पुढच्या माणसाच्या वेळी कॉपी फसली, तर नंबरच्या रकान्यात नंबर न येता तोच शब्द येतो, आणि चूक तिथेच कळते.