फ्रीबीएसडी सोर्समधून बिल्ड करताना मेक.कॉन्फमध्ये काय लिहावं, आणि बिल्ड रात्री मध्येच का मरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. ऑफिसात हॅस्वेल पिढीचं आय५ मशीन, ४ जीबी रॅम. मागांच्या शेडमध्ये जुनं कोअर २ ड्युओ. दोन्हीवर फ्रीबीएसडी १४ (युनिक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम). ऑफिसच्या मशीनवर एकदाच बिल्ड करून दोन्हीकडे टाकायचा आहे. मेक.कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाईलमध्ये -ओ३, -मार्च=नेटिव्ह, -एफफास्ट-मॅथ असं सगळं भरलंय, आणि बिल्डवर्ल्ड (कर्नेल सोडून बाकी सिस्टिमचा बिल्ड) कधी तीन तासांनी तर कधी मध्यरात्री मरतो. कुठला फ्लॅग (कंपायलरला दिलेली सूचना) चुकला?

तिन्ही चुकलेत. पण बिल्ड रात्री मरतो त्याचा दोष बहुधा त्यांच्याकडे जात नाही. तिथे रॅम, उष्णता आणि वीज पाहावी लागेल. आधी फ्लॅग उरकतो.

(कमांड आणि फाईलची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाईप करा. व्हेरिएबलची नावं सगळी कॅपिटलमध्ये.)

पहिला घोटाळा फाईलचा. /ईटीसी/मेक.कॉन्फ ही फाईल मशीनवर 'मेक' जेव्हा जेव्हा चालेल तेव्हा वाचली जाते. बेस सिस्टिम (फ्रीबीएसडीचा स्वतःचा भाग) असो, पोर्ट (सोर्समधून बसवायचा बाहेरचा प्रोग्राम) असो, की तुम्ही स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम असो. /ईटीसी/एसआरसी.कॉन्फ मात्र फक्त बेस सिस्टिमचा सोर्स बिल्ड होताना वाचली जाते. म्हणून बेसमधून काय गाळायचं, काय ठेवायचं ते सगळं एसआरसी.कॉन्फमध्ये. मेक.कॉन्फमध्ये एक-दोन ओळींपेक्षा जास्त काही असलं की समजावं, पुढे कुठलं तरी पोर्ट विनाकारण फुटणार.

तुमच्या मेक.कॉन्फमध्ये मी एवढीच ओळ ठेवीन:

सीपीयूटाइप?=कोअर२

नेटिव्ह नाही, हॅस्वेलही नाही. नेटिव्ह म्हणजे 'ज्या मशीनवर कंपाईल होतंय त्याच्यासाठी'. ऑफिसचं हॅस्वेल एव्हीएक्स२ आणि बीएमआय सूचना समजतं, शेडमधलं कोअर २ समजत नाही. तिकडे इन्स्टॉल केल्यावर साधं 'एलएस'सुद्धा 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत सिग्नल ४ ने मरू शकतं. मग दुरुस्तीसाठी जो प्रोग्राम चालवाल तोही त्याच दुखण्याचा. दोन मशीनसाठी एकच बिल्ड असेल तर त्यातल्या म्हाताऱ्याच्या चालीनं चालायचं. 'एक्स८६-६४-व्ही२' हा मधला पर्यायही तुम्हाला चालणार नाही, कारण त्याला एसएसई४.२ (प्रोसेसरच्या आणखी काही सूचना) लागतं आणि कोणत्याही कोअर २ मध्ये ते नाही.

बरोबरच्या चिन्हाआधीचं प्रश्नचिन्ह विसरू नका. '?=' म्हणजे 'आधी कोणी ठरवलं नसेल तरच'. नुसतं '=' लिहिलंत तर बिल्डच्या एखाद्या टप्प्याला ही किंमत बदलायची गरज पडली तरी बदलता येत नाही.

आता -ओ३. फ्रीबीएसडीची मूळ सेटिंग '-ओ२ -पाइप' आहे, आणि मेक.कॉन्फच्या मॅन्युअल पानात स्पष्ट लिहिलंय की -ओ आणि -ओ२ सोडून दुसऱ्या पातळ्यांना आधार नाही. म्हणजे -ओ३ ने काही बिघडलं तर तक्रार घेऊन जायला दार नाही. -ओ३ मध्ये कंपायलर फंक्शनं जास्त आत ओढतो, लूप जास्त उलगडतो, कोड फुगतो. हिशेब, प्रिंटिंग आणि फाईल सर्व्हर एवढंच काम असेल तर वेळ डिस्क आणि नेटवर्कमध्ये जातो, तिथे -ओ३ काय करणार? कर्नेलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) तर फायदा आणखी कमी, कारण ६४-बिट कर्नेल कंपाईल होताना एसएसई, एव्हीएक्स मुद्दाम बंदच ठेवलेले असतात.

-एफफास्ट-मॅथ आजच्या आज काढा. हा फ्लॅग कंपायलरला सांगतो की 'संख्या नाही' आणि 'अनंत' या किमती कधी येणारच नाहीत. मग त्या तपासणारा कोड कंपायलर काढून टाकतो. बेरजेचा क्रमही तो बदलू शकतो. गणिताची मूळ लायब्ररीच अशी कंपाईल झाली तर तिच्यावर उभा असलेला प्रत्येक प्रोग्राम संशयित. एरर काहीच येत नाही, आकडे तेवढे चुकतात, आणि ते सापडायला मार्चअखेर उजाडतो.

तरीही सी फ्लॅग द्यायचाच असेल तर '=' नको, '+=' वापरा. '=' ने बिल्ड सिस्टिमनं ठरवलेलं आधीचं सगळं पुसलं जातं.

एसआरसी.कॉन्फमध्ये तुमच्यासाठी:

विदाउट_एलएलव्हीएम_टार्गेट_ऑल=यस
विदाउट_टेस्ट्स=यस
विदाउट_डिबग_फाइल्स=यस

पहिली ओळ सर्वात कामाची. बिल्डवर्ल्डचा मोठा वेळ क्लँग-एलएलव्हीएम हा बेसमधला कंपायलर कंपाईल करण्यातच जातो, आणि मूळ सेटिंगमध्ये तो आर्म, पॉवरपीसी, रिस्क-व्ही अशा इतर प्रोसेसरांसाठीचा कोडही बनवतो. ही ओळ घातली की फक्त गरजेचा प्रोसेसर. तिसऱ्या ओळीने डिस्क वाचते. 'विदाउट_लिब३२' घालण्याआधी थांबा. डिझाईनचा एखादा जुना ३२-बिट प्रोग्राम चालत असेल तर तो त्या दिवशी बंद पडेल.

या फाईलची एक खोड माहीत असू द्या: '=' च्या पुढे काय लिहिलंय ते बघितलंच जात नाही. 'विदाउट_टेस्ट्स=नो' लिहिलं तरी टेस्ट गाळल्याच जातात. नाव आलं की पर्याय लागू. नको असेल तर ओळच काढा किंवा पुढे # लावा.

आणि 'विदाउट_क्लँग' कुणी सुचवलं तर ऐकू नका. बिल्ड झटपट होतो, कौतुक वाटतं, मग शेवटी जुन्या फाईली काढायला 'मेक डिलीट-ओल्ड' चालवता आणि तो इमानेइतबारे मशीनवरचा कंपायलरच काढून टाकतो. पुढचा बिल्ड कशाने करणार?

आता मुख्य दुखणं. बिल्ड मेला की शेवटची ओळ वाचू नका. '-जे' सोबत अनेक कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे खरी एरर शेकडो ओळी वर राहते आणि खाली नुसती 'स्टॉप्ड इन' ची रांग दिसते. म्हणून सगळं आउटपुट फाईलमध्ये घ्या: 'स्क्रिप्ट /व्हीएआर/टीएमपी/बिल्ड.लॉग मेक -जे२ बिल्डवर्ल्ड'. हे टीमक्समध्ये चालवा, म्हणजे टर्मिनल बंद झालं तरी काम चालू राहतं. नंतर लॉगमध्ये पहिली 'एरर कोड' ओळ शोधा आणि तिच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचा. सोबत /व्हीएआर/लॉग/मेसेजेस पाहा.

तिथे 'सी++ ... वॉज किल्ड: फेल्ड टु रिक्लेम मेमरी' किंवा 'आउट ऑफ स्वॅप स्पेस' असं दिसलं तर रॅम कमी पडली. एलएलव्हीएमच्या काही फाईली कंपाईल होताना एकेक प्रोसेस १ जीबीच्या घरात जाते. चार कोअर आहेत म्हणून -जे४ दिलंत की ४ जीबी रॅम तिथेच संपली. माझा हिशेब साधा आहे: एका कामाला दीड जीबी धरा. म्हणजे तुमच्याकडे -जे२. स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) किमान ४ जीबी. फाईल सिस्टिम यूएफएस असेल तर स्वॅप फाईलही चालेल, झेडएफएसवर मात्र स्वॅप फाईलच्या वाटेला जाऊ नका, वेगळं पार्टिशन घ्या. झेडएफएस असेल तर त्याचा एआरसी कॅशही रॅमवर हक्क सांगतो, बिल्डपुरता त्याला १ जीबीत बांधा. डिस्क मंद असेल तर कर्नेल घाईने प्रोसेस मारतो. 'व्हीएम.पेजआउट_ओओएम_सेक' (शेवटी एस-ई-क्यू) हा सिस्कटल, म्हणजे कर्नेलची सेटिंग, मुळात १२ असतो, तो १२० केला की कर्नेल जरा दम धरतो. पण हे सगळं करण्यापेक्षा आणखी ४ जीबीची जुनी डीडीआर३ पट्टी बसवणं सोपं.

लॉगमध्ये 'सिग्नल ११' किंवा कंपायलरचा 'इंटर्नल एरर' असेल तर बिल्ड पुन्हा चालवा आणि बघा. दर वेळी त्याच फाईलवर मरत असेल तर दोष सोर्सचा किंवा सेटिंगचा. दर वेळी वेगळ्या फाईलवर मरत असेल तर हार्डवेअर. मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, आणि तापमान बघा. 'केएलडीलोड कोअरटेम्प' करून 'सिस्कटल डेव्ह.सीपीयू.०.टेम्परेचर'.

तापमानाचं सोलापुरात वेगळं सांगायला नको. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात तेव्हा पत्र्याच्या शेडजवळच्या खोलीत सीपीयूला थंड हवा मिळणार कुठून? बिल्ड म्हणजे सगळे कोअर तासन्‌तास शंभर टक्के. त्यात टॉवेलचा कारखाना, म्हणजे कापसाची तूस. ती हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, पंखा फिरतो पण हवा पार जात नाही. फॅन बाजूला काढून हीटसिंक बघा, नुसता वरून ब्लोअर मारून ही तूस निघत नाही. जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. तात्पुरता उपाय म्हणून /ईटीसी/आरसी.कॉन्फमध्ये 'पॉवरडी_फ्लॅग्ज' ला '-एम २०००' द्या, एम कॅपिटल, आणि पॉवरडी (सीपीयूचा वेग सांभाळणारा प्रोग्राम) सुरू करा. सीपीयू २००० मेगाहर्ट्‌झच्या वर जाणार नाही. बिल्ड लांबेल, पण पूर्ण होईल. 'नाइस' लावून उष्णता कमी होत नाही. त्याने फक्त दुसऱ्या प्रोग्रामांना आधी वाट मिळते.

लॉग अर्ध्या ओळीत तुटलेला आणि मशीन रीबूट झालेलं असेल तर वीज. मागांच्या मोटारी ज्या फेजवर आहेत त्याच फेजवर पीसी असेल तर मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि अशक्त पॉवर सप्लाय रीसेट होतो. फेज बदलून घ्या, यूपीएसची बॅटरी तपासा. वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेल्या, कधी शून्य बाईटच्या ऑब्जेक्ट फाईली उरतात आणि पुढच्या बिल्डला लिंकर त्यांच्यावर अडखळतो. तेव्हा /यूएसआर/ओबीजे मधलं सगळं पुसून नव्याने सुरू करा.

दर वेळी पहिल्यापासून बिल्ड नको असेल तर मेटा मोड घ्या. त्याची ओळ 'विथ_मेटा_मोड=यस' मेक.कॉन्फमध्ये चालत नाही, एसआरसी.कॉन्फमध्येही नाही. तिची जागा /ईटीसी/एसआरसी-एन्व्ह.कॉन्फ. सोबत 'केएलडीलोड फाइलमॉन'. मग कुठली फाईल कशावर अवलंबून आहे याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी बदललेलं तेवढंच कंपाईल होतं.

कर्नेल दोन्हीकडे जेनेरिकच (मूळच्या सेटिंगचा) ठेवा. ड्रायव्हर काढून जी रॅम वाचते ती मोजायच्याही लायकीची नसते. हौस असेलच तर जेनेरिकची नक्कल करून त्यात खाडाखोड करू नका. नवी फाईल करा, तिच्यात 'इन्क्लूड जेनेरिक', 'आयडेंट सोलापूर' आणि खाली नको त्याला 'नोडिव्हाइस'. मूळ जेनेरिक पुढे बदललं तरी तुमची फाईल शिळी होत नाही.

शेडमधल्या मशीनसाठी /यूएसआर/एसआरसी आणि /यूएसआर/ओबीजे दोन्ही एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची सोय) जोडा, आणि नेमक्या याच पाथवर. ओबीजेच्या आत सोर्सचा पाथ कोरलेला असतो, पाथ बदलला की इन्स्टॉलला काही सापडत नाही. दोन्ही मशीनवरच्या मेक.कॉन्फ आणि एसआरसी.कॉन्फ अक्षरशः सारख्या हव्यात, नाहीतर जे बिल्डच झालं नाही ते इन्स्टॉल शोधत बसतं.

क्रम असा: आधी /यूएसआर/एसआरसी/अपडेटिंग वाचा. ऑफिसात बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नेल. मग प्रत्येक मशीनवर 'मेक इन्स्टॉलकर्नेल', रीबूट करून सिंगल यूजर मोड (दुरुस्तीसाठीचा किमान मोड), 'ईटीसीअपडेट -पी' (/ईटीसीमधल्या सेटिंग फाईली जुळवायला), 'मेक इन्स्टॉलवर्ल्ड', 'ईटीसीअपडेट -बी' (इथे बी कॅपिटल), 'मेक डिलीट-ओल्ड', रीबूट. सिंगल यूजरमध्ये नेटवर्क आपोआप चढत नाही, शेडमध्ये ते हाताने चालू करून एनएफएस जोडावं लागेल. तिथेच 'एडजेकर्नटीझेड -आय' चालवा, त्याने टाइमझोनचा फरक भरून निघतो, आणि 'डेट' ने घड्याळ बरोबर आहे का तेही बघा. जुन्या मशीनचा सीमॉस सेल (मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी) उतरलेला असतो, घड्याळ मागे पडतं, आणि मेकला वाटतं फाईली भविष्यातल्या आहेत. मग इन्स्टॉलवर्ल्ड मध्येच काहीतरी पुन्हा बनवायला जातो आणि 'टच: नॉट फाउंड' म्हणून थांबतो. ही एरर बघून लोक कंपायलर बदलत बसतात, दोष तीस-चाळीस रुपयांच्या सेलचा असतो.

इन्स्टॉलवर्ल्ड चालू असताना वीज जाणं हे बिल्डमध्ये जाण्यापेक्षा वाईट. त्याआधी झेडएफएसवर 'बीईसीटीएल क्रिएट' ने जुनी सिस्टिम बाजूला ठेवा. यूएफएस असेल तर बॅकअप घ्या. जुना कर्नेल /बूट/कर्नेल.ओल्डमध्ये राहतो, तो लोडरच्या मेनूतून निवडता येतो. /रेस्क्यूमधली साधनं स्टॅटिक आहेत, लायब्ररी मोडल्या तरी चालतात.

आणि तुम्ही जेनेरिक कर्नेल आणि न बदललेलं वर्ल्ड घेऊन फक्त रिलीज आवृत्तीवरच राहणार असाल, तर 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' आणि 'इन्स्टॉल' पुरेसं आहे, वरची सगळी उस्तवार करायची गरजच नाही. सध्या तुम्ही स्टेबल शाखेवर आहात की रिलीजवर, तेवढं 'यूनेम -ए' ने बघून खाली लिहा. लॉगमधली पहिली एररही चिकटवा.