‘तुझा व्हिसा माझ्या हातात आहे’

प्रश्न : ताई, लग्नाला सात वर्षं झाली. अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या एच-४ वर. मुलगी पाच वर्षांची, जन्म इथलाच. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात असतो. काही बोलायला गेलं की म्हणतो, “तुझा व्हिसा माझ्या हातात आहे. एक ईमेल केला की परवा विमानात बसवतील, पोरगी राहील इथेच.” गेल्या हिवाळ्यात त्याने मला भिंतीवर आपटलं. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, पण मी भीतीने “काही झालं नाही” म्हणून सांगितलं. आई म्हणते, पोरीला घे आणि निघून ये. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : सोळा वर्षं मी वकिलांच्या टेबलापाशी दुभाषी म्हणून बसते आहे. तुझ्या नवऱ्याचं हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय, मोजता येणार नाही. ते खोटं आहे. कुणाला देशाबाहेर काढायचं हे सरकार ठरवतं, नवरा नाही. तो फार तर व्हिसा वाढवायच्या वेळी तुझ्या अर्जाला हात लावणार नाही. त्याचा त्रास होतो, पण त्याला ‘परवा विमानात बसवणं’ म्हणत नाहीत.

आता जे मनाला लागेल, ते आधीच सांगते. तुझा नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असलेला असता, तर १९९४ च्या ‘व्हॉवा’ (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट, म्हणजे बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा) या कायद्याखाली तू ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज त्याला न कळवता स्वतःच्या नावाने करू शकली असतीस. तो एच-१बी वर आहे म्हणून ते दार तुला बंद. मार तोच, भिंत तीच, फक्त मारणाऱ्याच्या कागदाचा रंग वेगळा. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि दर वेळी समोरच्या बाईला ते समजावताना जीभ जड होते.

तुझ्यासाठी उरतो तो यू व्हिसा. गुन्ह्याची झळ बसलेल्या आणि तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी माणसासाठी तो आहे, आणि घरातली मारहाण त्या गुन्ह्यांच्या यादीत नाव घेऊन लिहिलेली आहे. कायदा २००० चा, त्याचे नियम निघायला २००७ उजाडलं. अर्ज आय-९१८. त्याला जोडून पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांपैकी कुणाची तरी सही लागते, की या बाईने मदत केली आहे. सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. वर्षाला मुख्य अर्जदारांना दहा हजारच यू व्हिसा मिळतात आणि रांग कित्येक वर्षांची आहे, हेही ऐकून ठेव. रांगेत असतानाच अर्ज तपासून कामाची परवानगी द्यायची पद्धत २०२१ मध्ये सुरू झाली. व्हिसा मिळाल्यावर तीन वर्षं इथे सलग राहिलीस की ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो.

तू त्या रात्री “काही झालं नाही” म्हणालीस म्हणून सगळं संपलं असं समजू नकोस. घाबरलेली बाई तेच म्हणते, हे पोलिसांनाही माहीत असतं. न्यू जर्सीत घरगुती हिंसेच्या कॉलची नोंद करावीच लागते. म्हणजे त्या रात्रीचा कागद कुठेतरी आहे. वकिलाला किंवा संस्थेतल्या बाईला सोबत घेऊन जा, खरं काय घडलं ते सांग.

पुरावा म्हणजे काळेनिळे फोटोच, असं नाही. एका बाईने माझ्यासमोर पिशवीतून जुनी कालनिर्णय काढली होती. माहेरी दुधाचा हिशेब लिहायची सवय, तशी ती इथेही भिंतीवर टांगायची. काही चौकोनांत लाल पेनाचा एक बारीक ठिपका होता. मारलं की ठिपका. नवऱ्याने विचारलं तर सांगायला तिने ‘पाळीची तारीख’ असं उत्तर तयार ठेवलं होतं. वकीलबाईंनी एकेक पान झेरॉक्स केलं. प्रत्येक ठिपक्याला त्या दिवशी काय झालं ते ती सांगत गेली, मी इंग्रजीत सांगत गेले. मार्चच्या पानावर तीन ठिपके एका ओळीत होते. तिथे ती थांबली, आणि आम्ही दोघी तिच्यासाठी थांबलो. तुझ्याकडे असं काही असेल, बहिणीला पाठवलेला मेसेज असेल, डॉक्टरचा कागद असेल, तर घराबाहेर कुणाकडे तरी ठेव.

एच-४ वर मार खाणाऱ्या बायकोला स्वतःच्या कामाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज आहे, आय-७६५व्ही. त्याने पगार हातात येतो, व्हिसाचं संरक्षण होत नाही, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नकोस. आणि एच-४ लग्नावर टेकलेला असतो. तेव्हा घटस्फोटाच्या कुठल्याही कागदावर इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

आईला माझा निरोप सांग. पोरीला घेऊन अचानक निघून जाऊ नकोस. मुलांना पळवल्याच्या प्रकरणांसाठी जो हेग करार आहे, त्यात भारत नाही. म्हणूनच इथली कोर्टं अशा वेळी आईकडे फार कडक नजरेने पाहतात, आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्यापेक्षा इथल्या फॅमिली कोर्टात तात्पुरता रेस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे नवऱ्याला तुझ्यापासून लांब ठेवणारा आदेश, मागता येतो. त्याला फी नाही, व्हिसा कुठला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यात मुलीचा ताबा आणि नवऱ्याने घराबाहेर राहणं, दोन्ही मागता येतं. पुढची सुनावणी साधारण दहा दिवसांत लागते.

पासपोर्टचं म्हणशील, तर तो भारत सरकारचा आहे, नवऱ्याचा नाही. दिला नाही तर पोलिसांत नोंद करून न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाकडे नवा मागता येतो. तोवर पासपोर्टच्या आणि आय-९४ च्या, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीच्या, फोटोची सोय बघ. आय-९४ वरची शेवटची तारीख तुला पाठ असली पाहिजे.

पहिला फोन कुणाला करशील? राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, दिवसरात्र चालू, दुभाषा मागता येतो. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था आपल्याकडच्या बायकांसाठी १९८५ पासून आहे. फोन मात्र नवऱ्यासोबतच्या फॅमिली प्लॅनवरून करू नकोस, बिलात नंबर दिसतो. मैत्रिणीचा घे. आणि तो अंगावर आलाच, तर काही विचार न करता ९११.

प्रश्न : मी पुरुष आहे, म्हणून लिहायला संकोच वाटला. बायको अमेरिकन नागरिक. माझे ग्रीन कार्डचे कागद ती भरत नाही, पगार काढून घेते, भावाला बोलावून मला मारायला लावते. वर म्हणते, तक्रार केलीस तर कागदच फाडून टाकीन. कायदा बायकांचाच ना?

उत्तर : नाही दादा. ‘व्हॉवा’च्या नावात बायका आहेत, पण अर्ज नवऱ्यालाही करता येतो. तुमची बायको नागरिक असल्यामुळे वरच्या बहिणीला बंद असलेलं दार तुम्हाला उघडं आहे. अर्ज आय-३६०, फी नाही. लग्न खरं होतं, एकत्र राहिलात, वागणूक चांगली आहे आणि क्रौर्य सोसलंत, हे दाखवायचं. मानसिक छळही त्यात येतो आणि पोलीस रिपोर्ट असलाच पाहिजे अशी अट नाही. अर्ज केल्याचं बायकोला कळवायला सरकारी अधिकाऱ्यांना कायद्याने मनाई आहे, आणि नुसत्या तिच्या सांगण्यावरून ते तुमच्याविरुद्ध निर्णय देऊ शकत नाहीत. तिने घटस्फोट घेतला, तर त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. एवढी तारीख चुकवू नका. आणि “मी करून देतो” म्हणणाऱ्या एजंटाला एक डॉलरही देऊ नका. वकीलच गाठा, किंवा मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था. संकोच घेऊनच आलात तरी चालेल.