माझा कुत्रा दुसरा कुत्रा दिसला की अंगावर धावून जातो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लॅब्राडॉर, नर, वय ३ वर्षं. घरात गरीब गाय, पाहुण्यांच्या पायात लोळतो. पण पट्टा लावून खाली नेलं आणि दुसरा कुत्रा दिसला की मागच्या पायांवर उभा राहून थयथयाट करतो. सोसायटीतले काका म्हणतात, 'दोन रट्टे द्या, सरळ येईल.' घरचे म्हणतात, सोबतीला एक पिल्लू आणू.

काकांचं अजिबात ऐकू नका. समोर कुत्रा दिसला आणि त्याच क्षणी पाठीत रट्टा बसला, तर तुमचा कुत्रा 'भुंकू नये' असं शिकत नाही, 'तो कुत्रा आला की मला मार पडतो' हे शिकतो. पुढच्या वेळी तो अजून लवकर पेटणार. गळा आवळणाऱ्या साखळीचंही तेच. गुरगुरण्यावरून तर कधीच ओरडू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली आगाऊ सूचना असते. ती बंद पाडली तर तो एक दिवस सूचना न देता चावेल.

पट्ट्यावरची बरीचशी भांडणं दादागिरीतून येत नाहीत, भीतीतून येतात. मोकळा कुत्रा नको असलेल्या कुत्र्याला वळसा घालून निघून जातो. पट्ट्यावरच्याला पळायची सोय नसते, मग तो 'तूच लांब जा' म्हणून अंगावर जातो. समोरचा मालक घाबरून आपला कुत्रा ओढून नेतो आणि आपल्या बहाद्दराला वाटतं, युक्ती चालली! त्यात आपणही धसक्याने पट्टा मुठीला गुंडाळून ताणतो, म्हणजे त्याची खात्रीच पटते की काहीतरी गडबड आहे.

आधी डॉक्टरांकडे जा. विशेषतः हे अचानक सुरू झालं असेल तर. लॅब्राडॉरमध्ये कमरेच्या आणि कोपराच्या सांध्यांची दुखणी पुष्कळ, कानातल्या संसर्गानेही कुत्री वैतागलेली असतात. नसबंदीने मादीमागे भटकणं आणि त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या कमी होऊ शकतात, पण भीतीवर तो उपाय नाही. तेवढ्यासाठी करणार असाल तर अपेक्षा ठेवू नका.

खरं औषध म्हणजे अंतर. आमच्याकडे गल्लीतून आणलेली देशी कुत्री आहे, तिचंही अस्संच होतं. भुंकायच्या आधी तिचं उघडं तोंड फटकन मिटायचं, कान पुढे यायचे, मानेपासून शेपटीपर्यंत केसांची रेघ उभी राहायची आणि एक पंजा हवेतच थांबायचा. जे करायचं ते या क्षणाच्या आधी. म्हणून मैदानाच्या एका टोकाला थांबायचं, दुसऱ्या टोकाला कुणी कुत्रा फिरवत असेल तिथे तिने नुसतं बघायचं. बघितलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. तो कुत्रा दिसेनासा झाला की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कुत्रा, मग चिकन. उलटं केलंत तर पिशवीचा आवाज आला की तुमचा कुत्रा आजूबाजूला दुसरा कुत्रा शोधायला लागेल. आणि चिकनकडे ढुंकूनही बघत नसेल, तर तुम्ही फार जवळ आलात, मागे जा. काही आठवड्यांनी कुत्रा दिसल्यावर तो आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल. तसं झालं की अंतर थोडं कमी करायचं, चार पावलं, जास्त नाही. एखाद्या दिवशी बिनसलं तर त्या दिवशी पुन्हा बाहेरचा सराव नको. भडकलेलं डोकं निवायला वेळ लागतो.

आता आपल्याकडची खरी अडचण. परदेशी व्हिडिओंमध्ये समोरून एक शहाणा कुत्रा पट्ट्यावर येतो. आपल्याकडे कोपऱ्यावर पाचजणांची टोळी बसलेली असते आणि तो रस्ता त्यांचा असतो. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर भटक्या कुत्र्यांना सहसा पकडलं त्याच भागात सोडतात. म्हणजे टोळी तीच, हद्द तीच. याचा फायदा घ्या. कुणाची हद्द कुठून कुठपर्यंत आहे ते हेरून फिरण्याचा रस्ता ठरवा. त्यांना खायला घालणाऱ्या एखाद्या काकू असतातच, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा गोड बोलून तुमच्या फिरण्याच्या वेळी दुसऱ्या टोकाला खायला घालायला सांगा. बहुतेक ऐकतात. भाद्रपदाच्या आगेमागे मात्र रस्ता आणि वेळ दोन्ही बदला, त्या दिवसांत शहाणी कुत्रीही ताळ्यावर नसतात.

लिफ्टमध्ये कुत्रा असेल तर पुढची लिफ्ट, किंवा जिना. 'चल' म्हटलं की गर्रकन मागे वळायचं, हे घरातच शिकवा, म्हणजे ऐनवेळी ओढाताण होत नाही. पट्टा छातीच्या हार्नेसला लावा. तो पूर्वी कुणाला चावला असेल तर जाळीची मुसकी घाला, आणि तिची सवय घरी खाऊ देऊन लावा. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी फिरायला जाताना नको. कुत्र्याचं अंग प्रामुख्याने धापा टाकूनच थंड होतं, उन्हात ती धोक्याची.

तरीही जुंपली, तर मध्ये हात घालू नका, गळपट्टाही धरू नका. बादलीभर पाणी ओता. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. तुम्हाला दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. मग तो दात घरच्या कुत्र्याचा का असेना.

राहिला पिल्लाचा प्रश्न. सध्या नको. पिल्लाचा बाहेरच्या जगाशी ओळख करून घ्यायचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा. त्या वयात घरातला मोठा कुत्रा प्रत्येक कुत्र्यावर भुंकताना बघितला, तर तेही तेच उचलेल. मग खाली उतरताना तुमच्या दोन्ही हातांत एकेक पट्टा असेल आणि चिकन द्यायला हात उरणार नाही.