राखेचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रात तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि फार आनंद झाला. २,९२० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र राज्याचा मोठा आधार आहे. पिकाला पाणी द्यायला रात्री शेतात जावे लागणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, तेव्हा वीज निर्माण करण्याबद्दल मनात अपराधी भाव बाळगू नकोस. मात्र त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर ठेवले होते, हेही लक्षात असू दे.

एक हिशेब मांडतो. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला साधारण साडेसात हजार टन कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, म्हणजे रोजची राख अडीच हजार टनांच्या घरात जाते आणि तीतली निदान दोन हजार टन धुराबरोबर वर निघते. ती विजेच्या भाराने ओढून अडवणाऱ्या ईएसपी या यंत्रणेची कार्यक्षमता ९९.९ टक्के असेल तर चिमणीतून दिवसाला दोन टन राख सुटते, ती ९९.५ टक्क्यांवर आली की दहा टन. अहवालात हा फरक कोणाच्या नजरेतही भरत नाही.

तुझ्या वयाचा असताना मी ज्या केंद्रात होतो, तिथे ईएसपीची काही फील्ड, म्हणजे राख पकडणारे तिचे कप्पे, बंद पडली होती आणि तरीही मागणी वाढली म्हणून आम्ही संच पूर्ण भाराने चालवत राहिलो. भार उतरवला असता तर बुडालेल्या युनिटांची नोंद त्याच पाळीत झाली असती. बाहेर गेलेल्या राखेची नोंद कुठेच झाली नाही, आणि मीही ती केली नाही. याची खंत मला अजून आहे.

गंधकाच्या प्रश्नावर तुला दोन्ही बाजू ऐकू येतील. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने गंधक डायऑक्साइडवर मर्यादा घातली, तिची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना एफजीडी, म्हणजे धुरातला हा वायू काढून टाकणारी यंत्रणा, बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्रणेचा खर्च शेवटी वीजदरावर येतो, हे म्हणणे खरे आहे. परंतु या वायूपासून हवेत तयार होणारे सूक्ष्म कण शेकडो किलोमीटर जातात, आणि त्यांच्यापायी ज्या घरांत औषधांवर खर्च होतो त्यांना तो कोणत्याही दरात वसूल करता येत नाही; म्हणून मला ही सूट पटलेली नाही.

रुजू झाल्यावर बंद फील्डची नोंद पाळीच्या वहीत स्वतःच्या सहीने करत जा, वरिष्ठ नाराज झाले तरी. आणि पहिल्याच उन्हाळ्यात केंद्राची राख साठवणाऱ्या बंधाऱ्याजवळच्या एखाद्या गावात दुपारी जाऊन ये. तिथल्या बायांना विचार, पापड-कुरड्यांचे वाळवण अंगणात उघडे घालता येते का.

तुझा,
काका